इथेनॉलमध्ये नत्र नसते, मग ते जाते कुठे?

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक,
शेतकी अधिकारी व डिस्टिलरी व्यवस्थापक,
मक्यापासून इथेनॉल आणि गवतापासून सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) तयार करणाऱ्या प्रकल्पांचे प्रवर्तक

विषय : ऊर्जापिकांसाठी गटवार (कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक विभागाची) नत्राची वही ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

इथेनॉलच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असते. सीबीजी म्हणजे मिथेन, त्यात तर ऑक्सिजनही नाही. साखरेतही नत्र नसते. म्हणजे तुमच्या गेटमधून बाहेर पडणारा इथेनॉलचा टँकर, गॅसचा सिलिंडर किंवा साखरेचे पोते यांतून नत्र विकले जात नाही. उसाने, मक्याने, गवताने जमिनीतून उचलून तुमच्या गव्हाणीपर्यंत आणलेले सगळे नत्र कुंपणाच्या आतच मागे उरते : स्पेंटवॉशमध्ये (डिस्टिलरीचे सांडपाणी), प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेली मळी), बगॅसमध्ये (उसाचा चोथा), डीडीजीएसमध्ये (मक्याचा वाळवलेला चोथा), गॅस प्रकल्पाच्या स्लरीत. तरीही पुढच्या हंगामात शेतकरी पुन्हा तेवढाच युरिया टाकतो, बहुधा एखादे पोते जास्तच. मधल्या मध्ये ते नत्र गेले कुठे, याची वही कोणत्या कारखान्यात ठेवलेली आमच्या पाहण्यात नाही. गाळपाचा हिशेब किलोपर्यंत असतो, उताऱ्याचा, म्हणजे उसातून मिळालेल्या साखरेच्या टक्क्यांचा, दशांशापर्यंत. नत्राचा मात्र ‘अंदाजे’.

हे आजच लिहिण्याचे कारण उघड आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० साठी ठेवलेले पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे लक्ष्य २०२२ च्या दुरुस्तीने २०२५-२६ वर आले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवण्यावर निर्बंध घातले आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे धावल्या. पुढच्या हंगामासाठी ते निर्बंध उठले. सीबीजी मिसळण्याचे बंधनही २०२५-२६ पासून १ टक्क्याने सुरू होऊन २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर जायचे आहे. कच्चा माल कोणता, हे दर दोन वर्षांनी बदलेल. जमीन तीच राहणार आहे.

आधी लिटरमागचा हिशेब मांडू. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. १२० टन ऊस आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरले, सगळा रस इथेनॉललाच गेला असे मानले, तर ८,४०० लिटर होतात. लिटरमागे ४८ ग्रॅम नत्र. सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या, वर्षभराच्या) उसाला २५० किलो, १०० टन, ७,००० लिटर. लिटरमागे ३६ ग्रॅम. मक्याला १२० किलो, उत्पादन ५ टन आणि टनाला ३८० लिटर धरले तर १,९०० लिटर. लिटरमागे ६३ ग्रॅम. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या भागाचे उत्पादन घालून पुन्हा काढा. पण तुलना लक्षात येते : ‘मका कमी पाणी घेतो’ हे खरे, नत्राच्या बाबतीत तो स्वस्त नाही.

यातल्या थोड्या नत्राचा जमिनीत नायट्रस ऑक्साइड होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का या वाटेने जातो असे धरायची आंतरराष्ट्रीय रीत आहे. मग आडसाली उसाच्या हेक्टरी ४०० किलोंमागे सुमारे ६.३ किलो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे १,७०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार, म्हणजेच इथेनॉलच्या लिटरमागे २०० ग्रॅम. तेवढीच ऊर्जा देणारे पेट्रोल जाळले तर दीड किलो निघतो. तेरा-चौदा टक्के बचत इथेच गेली, युरिया तयार करताना जळलेला गॅस वेगळा. ओझोनवरील कामासाठी नोबेल मिळवलेल्या पॉल क्रुट्झेन यांनी २००८ मध्ये सहकाऱ्यांसह मांडले होते की खरा आकडा ३ ते ५ टक्के असावा आणि तसे असेल तर काही पिकांच्या इंधनाने हवामानाचा फायदा होण्याऐवजी तोटा होतो. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. आपल्याकडे मुद्दा असा की ३ टक्के धरले तर वरची तेरा टक्क्यांची गळती चाळीसवर जाते. काळ्या जमिनीत पाटपाणी तुंबले आणि त्यात नुकताच युरिया पडलेला असला, तर नायट्रेटचा वायू होण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

आता कुंपणाच्या आत या. मोलॅसिसवर चालणाऱ्या डिस्टिलरीत लिटरभर इथेनॉलमागे आठ ते बारा लिटर कच्चा स्पेंटवॉश निघतो. त्यात पालाश भरपूर, घनमीटरला ८ ते १२ किलोपर्यंत, आणि नत्र साधारण एक ते दोन किलो. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी आणि दहापट स्पेंटवॉश धरला तर रोज हजार घनमीटर, दीड किलोने रोज दीड टन नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणजे रोजची ७२ पोती. स्पेंटवॉश आटवून इन्सिनरेशन बॉयलरमध्ये जाळला की पालाश राखेत उरतो, आणि मोलॅसिसपासूनचा पालाश म्हणून तिला खत नियंत्रण आदेशात जागा आहे, भाव आहे, अनुदान आहे. नत्र चिमणीतून जाते. सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या नियमासाठी हा बॉयलर बसवावा लागला हे आम्हाला ठाऊक आहे, आणि नाल्यात सोडण्यापेक्षा जाळणे शतपटीने बरे. पण त्या राखेची पोती शेतकऱ्याला ‘उसाचे उसाला परत’ म्हणून देताना नत्र परत आलेले नाही, हेही सांगा.

ज्यांच्याकडे अजून प्रेसमडवर स्पेंटवॉश फवारून बायोकंपोस्ट होते, त्यांच्या हाती नत्र राखायची संधी आहे आणि तीही यार्डवर वाया जाताना दिसते. ढीग तापलेला, सामू आठच्या वर, आणि ढीग पलटणारा एरोटिलर फिरला की डोळे चुरचुरतात. तो झोंबणारा वास अमोनियाचा. एकाच दिवशी खूप फवारणी केली तर उलट होते : ढीग आतून चिखल होतो, हवा जात नाही, खालून काळे पाणी झिरपते. ढिगातला मुठीभर माल दाबून पाहा. बोटांच्या फटीतून पाणी आले तर त्या दिवशीचा फवारा बंद. ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास ठेवून थोडा-थोडा, जास्त वेळा फवारा, आणि शेवटचे आठ-दहा दिवस फक्त पलटणी.

पाचटाचा, म्हणजे तोडणीनंतर उरणाऱ्या वाळक्या पानांचा, विषय यापेक्षा मोठा आहे आणि तो अर्धवट समजला जातो, म्हणून थोडे थांबून लिहितो.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, म्हणजे ४० ते ५० किलो, दोन-सव्वादोन पोती युरियाएवढे. अलीकडे बेलर लावून हे पाचट बॉयलरसाठी आणि गॅससाठी उचलायची योजना जागोजागी मांडली जाते. गठ्ठ्याचा दर ठरवताना त्यातला पालाश, नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांची किंमत शेतकऱ्याच्या बाजूने कुणी धरत नाही. मात्र ‘पाचट ठेवा, नत्र मिळेल’ असे सरसकट सांगणेही चूक आहे. पहिल्या वर्षी पाचट नत्र देत नाही, खाते.

टनभर पाचटात ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र असते. ते कुजवणारे जिवाणू त्यातला साधारण तिसरा हिस्सा कर्ब आपल्या शरीरात बांधतात, म्हणजे १३० किलो. जिवाणूच्या शरीरात दहा भाग कर्बाला एक भाग नत्र लागते. गरज १३ किलोंची, पाचटात आहे ५. उरलेले ८ किलो ते जमिनीतून उचलतात. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) दोन महिन्यांचा असताना पिवळा पडतो तो यामुळे, आणि शेतकरी म्हणतो, ‘पाचटाने ऊस खाल्ला.’ हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस या भुकेसाठी आहे. ८० किलो युरियात ३७ किलो नत्र येते. वरच्या हिशेबाने आठ टनांना ६४ किलो लागतील, पण सगळे पाचट एकदम कुजत नाही, त्यामुळे सुरुवातीला ३७ वर भागते. नंतरच्या वर्षांत ते बांधलेले नत्र हळूहळू सुटते. तीन-चार खोडवे पाचट ठेवलेल्या शेतात डोस कमी करून पाहायला हवा. पहिल्याच खोडव्यात कमी केला तर फसगत होते.

बिघडते ते युरिया टाकण्याच्या दिवशी. ओलसर पाचटावर युरिया पसरला आणि पाणी तीन दिवसांनी आले, तर पाचटावरचे युरिएज त्याचा अमोनिया करून मोकळे होते. पाचटावर हे विकर उघड्या मातीपेक्षाही जास्त असते. म्हणून पाळी ज्या दिवशी आहे त्याच दिवशी युरिया, आणि लगेच पाणी. वीज रात्रीची असेल तर संध्याकाळी टाका. खोडव्याच्या मुख्य डोसासाठी पहारीची पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे : वाफशावर बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर, तेवढेच खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटीमीटर, खत टाकून तोंड मातीने बंद. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरी चार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. कारखाने तोडणी यंत्राला कर्ज उभे करतात, पाचटातून खत पेरणाऱ्या अवजाराला का करू नये?

लागणीच्या उसाची विभागणी सर्वांना तोंडपाठ आहे : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला ४०. शेतात मात्र बांधणीनंतरही ‘ऊस काळा पडू दे’ म्हणून पोते जाते. ठिबकवाल्यांची चूक निराळी. पाण्यात खत ओढणारी व्हेंचुरी पहिल्या दहा मिनिटांत सुरू करतात आणि मग तीन तास पाणी. युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो. पाळीच्या वेळेचे तीन भाग करा : पहिला साध्या पाण्याचा, मधला खताचा, शेवटचा नळ्या धुण्यापुरता. जिवाणूंचेही तसेच. हवेतले नत्र बांधणाऱ्या अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूची बेणेप्रक्रिया केली तर नत्राचा डोस निम्म्यावर आणता येतो अशी शिफारस आहे. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांच्या प्रयोगशाळेतून १९८८ मध्ये पुढे आलेला हाच तो जिवाणू. पण बुरशीनाशकाच्या द्रावणातच संवर्धक ओतले तर बेणे फक्त ओले होते. आधी औषधाची प्रक्रिया, बेणे सावलीत सुकवायचे, मग वेगळ्या टाकीत जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. आणि डोस निम्मा केलाच नाही, तर भरपूर युरियात तो जिवाणू नत्र बांधायचे कष्ट घेत नाही.

हे सगळे शेतकरी का ऐकत नाही, याचे उत्तर ‘अज्ञान’ असे देऊन शेतकी विभाग सुटतो. आम्हाला ते पटत नाही. समजा शून्य नत्राला हेक्टरी ७० टन, २५० किलोला ११० टन आणि ४०० किलोला ११२ टन ऊस आला. शेवटच्या १५० किलोंनी दोनच टन दिले, किलोमागे १३ किलो ऊस. टनाला ३,५०० रुपये धरले तर ४६ रुपये. युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे नत्राचा किलो तेरा रुपयांना. त्याच्या वहीत शेवटचे पोतेही नफ्यातच आहे! तोटा दुसऱ्यांच्या वहीत पडतो. उशिराच्या नत्राने ऊस लोळतो, पक्व होत नाही. उतारा ०.२ ने जरी घसरला, तरी ११२ टनांवर २२४ किलो साखर गेली. वाढलेल्या दोन टनांनी साडेदहा उताऱ्याने आणली २१०. पण उसाचा दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, त्यामुळे ज्याने जास्त युरिया टाकला त्याला वेगळी झळ नाही. रस इथेनॉलला जाऊ लागल्यापासून ही झळ कारखान्यालाही कमी जाणवते, कारण अपक्व उसातली ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेच्या पोत्यात अडचण करतात, फर्मेंटरमध्ये नाही. नत्रावर लगाम ठेवणारा एक जुना इशारा त्यामुळे बोथट झाला. त्याची जागा मोजमापाने भरून काढावी लागेल.

मोजमाप म्हणजे शून्य-नत्र पट्टा. प्रत्येक गटात पाच-सहा शेतांत, जमिनीचे प्रकार पाहून. चार फुटी सरी असेल तर सहा सऱ्या, दहा मीटर लांब, ७२ चौरस मीटर. स्फुरद, पालाश, पाणी सगळे नेहमीसारखे, नत्र नाही. शेजारी तसाच पट्टा शिफारशीच्या डोसाचा आणि तिसरा शेतकऱ्याच्या हाताने पडेल तेवढ्याचा, पोती मोजून. तोडणीला कडेच्या सऱ्या आणि दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडून मधल्या चार सऱ्या वजन करा. क्षेत्र ३८.४ चौरस मीटर, किलोतल्या वजनाला २६० ने गुणले की हेक्टरी किलो. ऊस, वाढे आणि पाचट यांचे वेगळे नमुने ६५ अंशांवर वाळवून नत्र तपासा, म्हणजे पिकाने खरोखर किती उचलले ते कळेल.

हा प्रयोग सोपा दिसतो आणि तीन ठिकाणी हमखास फसतो. पट्टा पाण्याच्या खालच्या अंगाला घेतला तर वरच्या सरीतला युरिया पाण्याबरोबर त्यात येतो. म्हणून पट्टा पाटाच्या तोंडाशी, स्वतंत्र बाऱ्याचा, दुहेरी वरंब्याचा. दुसरे, तीन महिन्यांनी पट्टा पिवळा दिसला की शेतकऱ्याला राहवत नाही आणि तो मूठभर टाकतोच. नुकसानभरपाई आधी ठरवा : ७२ चौरस मीटरात ८६४ किलो ऊस येईल, निम्मा गेला तरी दीड हजार रुपये. कारखान्याच्या एका बैठकीच्या चहापाण्यात बसणारी रक्कम आहे. तिसरे, वजन ट्रॉलीवरून अंदाजे लिहिले जाते. चिटबॉयला (ऊसनोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला) तराजू द्या.

मृद आरोग्य पत्रिका हे काम करत नाही. तिच्यातला ‘उपलब्ध नत्र’ हा वरच्या थरातल्या सेंद्रिय नत्राचा अंदाज असतो. २८० किलोंच्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त. कमी कर्बाच्या जमिनींत हा आकडा बहुधा ‘कमी’च येतो आणि त्यातून ‘युरिया वाढवा’ असा निष्कर्ष निघतो, मग खाली नायट्रेट कितीही साचलेले असो.

मक्याबद्दल थोडक्यात. टनभर मक्यात १४-१५ किलो नत्र असते आणि जवळजवळ सगळे ३०० किलो डीडीजीएसमध्ये उतरते. ते कोंबडीखाद्यात जाते, म्हणजे मराठवाड्यातल्या शेताचे नत्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेडमधल्या कोंबडीखतात. याला आमची हरकत नाही, ती चांगली प्रथिने आहेत. पण ज्या शेतात सोयाबीनची जागा मक्याने घेतली, तिथे हवेतले नत्र बांधणारे पीक गेले आणि १२० किलो मागणारे आले. करार करताना सलग मका न घेता मक्यानंतर हरभरा घेणाऱ्याला क्विंटलमागे चार पैसे जादा द्या. आणि तिहेरी विभागणीचा आग्रह धरा : पेरणीला ४० किलो, तिसाव्या दिवशी ४०, चाळीस-पंचेचाळिसाव्या दिवशी ४०. पाऊस लांबला तर शेवटचा हप्ता थांबवायचा. कोरड्या मातीवर फेकायचा नाही.

हत्ती गवताबद्दल मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सीबीजीच्या माहितीपत्रकांत ‘खत जवळजवळ लागत नाही’ असे वाक्य फिरते. हे वाक्य कुठून आले ते आम्हाला माहीत आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात आणि मिशिगनमधल्या केलॉग जैविक केंद्रावर, तसेच इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला, मिस्कँथस आणि स्विचग्रास या बहुवर्षायू गवतांवर दीर्घ प्रयोग झाले. नत्राची गरज खूप कमी, नायट्रेटचा निचरा मक्याच्या मानाने फारच थोडा, असेच निष्कर्ष आले. पण तिथे गवत कापतात कधी? थंडीत, पाने वाळल्यावर. तोपर्यंत पानातले नत्र जमिनीखालच्या कांड्यात परत गेलेले असते आणि वसंतात तेच पुन्हा वर येते. शेतातून जाते ती नुसती वाळकी काडी.

आपण हत्ती गवत पन्नास-साठ दिवसांनी हिरवेगार कापतो. गॅससाठी तेच सोयीचे, वाळकी काडी डायजेस्टरमध्ये लवकर कुजत नाही. मागे फिरायला नत्राला वेळच मिळत नाही. वर्षाला हेक्टरी १५० टन हिरवे, त्यात २० टक्के कोरडे म्हणजे ३० टन, आणि १.४ टक्के नत्र धरले तर ४२० किलो. आडसाली उसाच्या पूर्ण शिफारशीपेक्षा जास्त नत्र दरवर्षी शेताबाहेर. दोन वर्षे जमिनीची पुंजी पुरते, तिसऱ्या वर्षी फुटवे बारीक होतात. पडीक जमिनीवर खताविना बायोडिझेलचा जट्रोफा पिकेल म्हणून झालेल्या घोषणांची आठवण अजून ताजी असावी.

यावर उपाय स्लरीतच आहे. डायजेस्टरमध्ये नत्र नष्ट होत नाही, त्यातले निम्म्याच्या आसपास उलट अमोनियम होऊन पिकाला लगेच लागू होते. अडचण पुढची. सेपरेटरमधून घन भाग वेगळा होतो, त्याचे किण्वित सेंद्रिय खत म्हणून पोते भरते, टनाला १,५०० रुपये साहाय्यही २०२३ मध्ये जाहीर झाले. अमोनियम मात्र बहुतेक द्रवात राहते. ५,००० लिटरचा टँकर, घनमीटरला ३ किलो नत्र धरले तर १५ किलो, म्हणजे युरियाचे एक पोतेही नाही. पालाश आणि बाकीच्याची भर धरली तरी वीस किलोमीटरचे डिझेल कोण देणार? म्हणून टँकर प्रकल्पाभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरांतच रिकामा होतो. तिथल्या विहिरींत नायट्रेट, आणि गवत पुरवणाऱ्या लांबच्या गावात उपाशी जमीन. पिण्याच्या पाण्याची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रकल्पाभोवतीच्या दहा विहिरी मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासायला तुमची प्रयोगशाळा पुरेशी आहे. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आमची मागणी अशी की गवताच्या करारात टनामागे किती स्लरी परत, कुणाच्या वाहतुकीने, हे कलम असावे. गवत घेऊन येणारे वाहन रिकामे परतते. घन खत त्यातूनच जाऊ शकते. द्रवासाठी झाकलेली टाकी हवी. उघड्या खड्ड्यात, एप्रिलच्या उन्हात, आठच्या सामूला अमोनिया उडतो आणि जूनमध्ये शेतात जाते ते रंगीत पाणी. देताना संध्याकाळी, वाफशावर, पाच-सात सेंटीमीटर खोल चरात, आणि त्याच दिवशी मातीआड.

संशोधनाला पैसे देणार असाल तर एक सुचवतो. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिऑन नावाचे द्रव्य पाझरते; ते अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखते. जपानमधील जिरकास आणि हैदराबादची इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थांत यावर काम झाले आहे. गोड ज्वारीपासून इथेनॉलचे काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काही दशकांपूर्वीच करून दाखवले, ‘मधुरा’ हे तिथलेच वाण. ज्वारी आपली, गोड ज्वारीवरचे प्रयोग आपल्याकडचे, आणि नत्र धरून ठेवायचा गुण मुळातच. पाडेगाव, राहुरी किंवा मांजरी इथल्या संशोधन संस्थांत उसाच्या फेरपालटात गोड ज्वारी घालून तिच्यामागून येणाऱ्या उसाला युरिया किती वाचतो, हे तीन वर्षे मोजायला हवे. कारखान्याला ज्वारीची अडचण आहे ती वेगळी : कापल्यापासून दिवसाभरात रस आंबतो, म्हणून तोडणी आणि गाळप यांची सांगड घालावी लागेल.

सुरुवात येत्या गाळपापासून करता येईल. खोडवा राखणाऱ्या वीस शेतांत तोडणीनंतर, पहिल्या डोसाआधी, वाफशावर गिरमिटाने तीन थरांचे नमुने घ्या : ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटीमीटर. बांध, पाट आणि खताच्या ढिगाची जागा टाळून शेतात आठ ठिकाणी, थरवार एकत्र करून. हे नमुने नेहमीच्या माती परीक्षणासारखे सावलीत पसरून वाळवायचे नाहीत. वाळताना नायट्रेटचा आकडा बदलतो. पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत, दोन मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तासभर हलवून गाळायचे, ओलाव्याची टक्केवारी वेगळी काढायची. काळ्या जमिनीची घनता १.३ धरली तर ३० सेंटीमीटरच्या थरासाठी नायट्रेट-नत्राच्या पीपीएमला (दशलक्ष भागांतल्या भागांना) ३.९ ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. तिसऱ्या थरात १० पीपीएम निघाले तर ३९ किलो, जवळजवळ दोन पोती युरिया, बहुतेक मुळांच्या आवाक्याखाली गेलेला. त्या शेताच्या नावापुढे हा आकडा लिहा आणि त्या वर्षीचा डोस ठरवायला शेतकऱ्याला गट ऑफिसात बोलवा.

आपले,
ऊस, मका आणि चारापिकांच्या अन्नद्रव्य व्यवस्थापनात काम करणारे काही मृदाशास्त्रज्ञ व कृषी पदवीधर